अकरा एकांची संख्या मूळ आहे का? खानापूर तालुक्यातील एका शाळेतले प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते त्या बाजूच्या एका गावातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये हे प्रकरण घडले. मी तिथे गणित शिकवतो. शाळा, गाव आणि मुले यांची ओळख पटेल असा तपशील मी गाळला आहे. आकडेमोड मात्र जशी झाली तशी, चुकांसकट ठेवली आहे, कारण या लिखाणाचा काही उपयोग असेल तर तो त्या चुकांमुळेच आहे.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी ते दहावीची बारा मुले तासभर थांबतात आणि आम्ही पुस्तकाबाहेरचे एखादे गणित घेऊन बसतो. मुलांची पाठ्यपुस्तके कर्नाटक राज्याची असतात, पण चंदगडकडच्या पाहुण्यांकडून महाराष्ट्राची जुनी पुस्तकेही घरोघरी येतात. त्यामुळे ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज भाजक नसतो तिला एक मुलगा ‘अविभाज्य संख्या’ म्हणतो आणि त्याच्या शेजारची मुलगी ‘मूळ संख्या’ म्हणते. इथे मी ‘मूळ संख्या’ हाच शब्द वापरला आहे.

त्या वर्षी विषय निघाला तो द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांच्यामुळे. देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता आयुष्यभर संख्यांचा अभ्यास करणाऱ्या या शिक्षकाबद्दल मी मुलांना सांगितले होते, आणि त्यांनी ‘डेमलो’ असे नाव दिलेल्या संख्यांच्या निमित्ताने नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे वर्ग करून दाखवले होते: ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि असे करत नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकांपाशी मात्र हातचे येतात आणि ही सुंदर चढउतार मोडते. तिथे वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. मुलांना ही मोडणारी जागाच जास्त आवडली. मग नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांचे मूळ अवयव किती आणि कोणते, असा तक्ता करायचे ठरले. कुठे हाताने, कुठे पुस्तकाच्या आधाराने असा हा तक्ता तयार झाला:

११ : मूळ
१११ = ३ × ३७
१,१११ = ११ × १०१
११,१११ = ४१ × २७१
१,११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७
११,११,१११ = २३९ × ४,६४९
१,११,११,१११ = ११ × ७३ × १०१ × १३७
११,११,११,१११ = ३ × ३ × ३७ × ३,३३,६६७
१,११,११,११,१११ = ११ × ४१ × २७१ × ९,०९१
११,११,११,११,१११ : मूळ

शेवटच्या ओळीतला ‘मूळ’ हा शब्द लाल खडूने लिहिला होता, आणि अडचण त्याच शब्दात होती.

अडचण

विज्ञान प्रदर्शनाआधी शाळेतल्या शाळेत तक्ते मांडले होते. गावातील एक निवृत्त शिक्षक ते पाहायला आले. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मुलांना विचारले, “पोरांनो, हे मूळ आहे म्हणून लिहिलासा, ते कुठपर्यंत भागून बघितलासा?”

मुलांनी खरे उत्तर दिले. शंभरपर्यंतच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागून पाहिले होते आणि एकानेही निःशेष भाग गेला नव्हता. शिवाय एक युक्तिवाद होता: एकांची संख्या जर सहा, आठ, नऊ, दहा अशी विभाज्य असेल तर ती ओळ सरळ फोडता येते. सहा एक म्हणजे तीन एकांचे दोन गट, म्हणून १११ ने भाग जातो. दोन एकांचे तीन गट, म्हणून ११ नेही जातो. अकरा एकांचे असे समान गट पाडता येत नाहीत, कारण ११ स्वतः मूळ आहे. तेव्हा ती संख्याही मूळ असणार, असे मुलांनी धरले होते आणि मीही ते चालू दिले होते.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. समान गट पडत असतील तर अवयव नक्की मिळतात. गट पडत नसतील तर अवयव नसतातच असे मात्र सिद्ध होत नाही. याचा पुरावा आमच्याच तक्त्यात होता. तीन, पाच आणि सात या तिन्ही संख्या मूळ आहेत, तरी त्यांच्या ओळी फुटल्या आहेत. इतकेच नव्हे, सात एकांचा सर्वांत लहान अवयव २३९ आहे. म्हणजे शंभरपर्यंत भागून थांबण्याची आमची रीत सात एकांना लावली असती तर तीही संख्या आम्ही मूळ म्हणून लिहिली असती. ती ओळ पुस्तकावरून उतरवली होती म्हणून वाचली. हे त्या दिवशी ना मुलांच्या लक्षात आले, ना माझ्या.

निवृत्त गुरुजींनी आणखी एकच वाक्य सांगितले, की एखादी संख्या मूळ आहे असे भागून ठरवायचे तर तिच्या वर्गमुळापर्यंत जावे लागते. अकरा एकांचे वर्गमूळ १,०५,४०९ च्या किंचित पुढे आहे. तिथपर्यंतच्या मूळ संख्या दहा हजारांच्या आसपास भरतात. त्यांपैकी आम्ही पंचवीस पाहिल्या होत्या. तालुक्याचे प्रदर्शन तेरा दिवसांवर होते.

समोरचे पर्याय

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही सगळे बसलो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अकरावी ओळ पुसून टाकणे. तक्ता दहा एकांवर संपला असता आणि कोणी काही विचारले नसते. दुसरा मार्ग मोबाइलवर उत्तर शोधण्याचा, ज्याला एक मिनिट लागले असते. तिसरा, दहा हजार भागाकार वाटून घेण्याचा. चौथा पर्याय एका दहावीच्या मुलीने प्रश्नाच्या रूपात मांडला: सगळ्याच मूळ संख्यांनी भागायची गरज आहे का, की काही संख्या न भागताच बाद करता येतील?

ओळ पुसायची नाही यावर सगळ्यांचे लगेच एकमत झाले. मोबाइलबद्दल मात्र वाद झाला. दोन मुलांचे म्हणणे होते की चुकीची माहिती लोकांसमोर जाण्यापेक्षा शोधून लिहिलेली बरी, आणि ते म्हणणे वजनदार होते. अखेर असे ठरले की तेरापैकी दहा दिवस स्वतः प्रयत्न करायचा, तोवर तक्त्यावरचा ‘मूळ’ हा शब्द झाकायचा, आणि त्या जागी जे खरोखर माहीत आहे तेवढेच लिहायचे. त्यासाठी मुलांनी दोन दिवसांत हजारपर्यंतच्या सर्व १६८ मूळ संख्यांनी भागून पाहिले आणि ओळीवर चिठ्ठी चिकटवली: “१,००० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जात नाही. पुढे तपासणी चालू आहे.” या सर्व निर्णयांत मला आजही हाच सर्वांत योग्य वाटतो. मीही उत्तर शोधायचे नाही असे मी स्वतःपुरते ठरवले. मला माहीत असते तर मुलांच्या चुकीच्या वाटेवर माझा चेहरा बोलला असता.

माझी चूक

त्याच रात्री मी एक सोपी कसोटी लावून पाहिली आणि फसता फसता राहिलो. फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० मध्ये मांडलेल्या प्रमेयानुसार, स ही मूळ संख्या असेल आणि ती १० ला भागत नसेल, तर १० चा (स – १) वा घात स ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. अकरा एकांसाठी हा हिशेब चार ओळींत होतो. अकरा एकांना ९ ने गुणले की अकरा नऊ मिळतात, म्हणजे १० च्या ११ व्या घाताहून एक कमी. म्हणून १० चा ११ वा घात आपल्या संख्येने भागला तर बाकी १. आता आपल्या संख्येतून एक वजा केला की उरतात ११,११,११,११,११०, आणि ही संख्या ११ × १,०१,०१,०१,०१० इतकी आहे. म्हणजे हवा असलेला घात ११ च्या पटीत आहे, आणि बाकी १ च उरते. संख्या कसोटीला उतरली. मी वहीत ‘बहुधा मूळ’ असे लिहून दिवा मालवला.

झोप लागेना म्हणून पुन्हा उठून हाच हिशेब सात एकांवर करून पाहिला. ११,११,११० म्हणजे ७ × १,५८,७३०. बाकी पुन्हा १. सात एकही कसोटीला उतरले, आणि ते तर २३९ × ४,६४९ असल्याचे तक्त्यात लिहिलेले होते.

फर्माच्या प्रमेयाची दिशा एकच आहे: संख्या मूळ असेल तर बाकी १ येते, पण बाकी १ आली म्हणून संख्या मूळ ठरत नाही. याचे ठरलेले उदाहरण ३४१ चे आहे. २ चा दहावा घात १,०२४ आणि ३ × ३४१ = १,०२३, म्हणून २ चा ३४० वा घात ३४१ ने भागला तर बाकी १ येते, तरी ३४१ = ११ × ३१ आहे. हे उदाहरण मला कॉलेजात शिकवले होते. पण अकरा एकांच्या बाबतीत गोष्ट याहून बिकट आहे: नुसत्या एकांनी बनलेली आणि एकांची संख्या मूळ असलेली (तीन एक वगळता) प्रत्येक संख्या १० हा पाया घेतला तर या कसोटीला उतरणारच, मग ती मूळ असो वा नसो. सर्वांत सोपा पाया म्हणून मी जो निवडला, तोच या संख्येविषयी काहीही सांगू शकत नव्हता. दुसऱ्या दिवशी हे सगळे फळ्यावर मांडले. शिक्षकाने रात्री केलेली चूक सकाळी वर्गात सांगावी की नाही याविषयी माझ्या मनात किंतु होता. पुढच्याच प्रसंगात तिचा उपयोग झाला.

९,०९१ चा प्रसंग

नववीतील एका मुलाने तक्त्यातले मोठे अवयव एकेक करून अकरा एकांवर लावून पाहिले. त्याच्या मोठ्या भावाचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर होता. त्यात अकरा आकडे भरता येतात, पण उत्तर तो दहाच आकडी दाखवतो. ९,०९१ ने भागल्यावर पडद्यावर १२२२२१० असे स्वच्छ पूर्णांक उत्तर आले. संध्याकाळपर्यंत ही बातमी साऱ्या गटात पोचली, आणि सकाळी मी वर्गात गेलो तेव्हा फळ्यावर ९,०९१ × १२,२२,२१० असे लिहून त्याभोवती चौकट आखलेली होती.

आठवीतील एक मुलगी म्हणाली, “सर, एकाला शून्यानं गुणलं तर शेवटी शून्य येतंय. आपल्या संख्येच्या शेवटी तर एक हाय.”

तिचे म्हणणे पुरेसे होते. गुणाकार पूर्ण केला तेव्हा उत्तर आले ११,११,११,११,११०, म्हणजे हवे त्याहून एक कमी. खरा भागाकार १२,२२,२१० आणि बाकी १. अपूर्णांक रूपात शेपूट ०.०००११ इतके, जे दहा आकड्यांच्या पडद्यावर मावत नव्हते. गावातल्या भुसार दुकानात बारा आकडी कॅल्क्युलेटर असतो. तिथे जाऊन मुलाने तोच भागाकार पुन्हा केला, तेव्हा शेवटी .०००१ दिसले.

हे असे का झाले तेही तक्त्यातूनच कळले. अकरा एक म्हणजे दहा एकांना १० ने गुणून एक मिळवलेली संख्या. ९,०९१ हा दहा एकांचा अवयव असल्याने अकरा एकांना त्याने भागले की बाकी १ उरणारच. तसेच ४१ आणि २७१ यांचेही होणार. लागोपाठच्या दोन ओळींना सामाईक अवयव कधीच असू शकत नाही. ज्या मुलाने हा शोध लावला होता तो दिवसभर गप्प होता. मी त्याला आदल्या रात्रीची माझी वही दाखवली, आणि त्याच दिवशी आम्ही एक नियम केला, जो शेवटपर्यंत पाळला: दशांश चिन्हापुढे काय दिसते त्यावर विसंबायचे नाही, प्रत्येक भागाकाराची पूर्णांक बाकी लिहायची, आणि ‘भाग गेला’ असे म्हणण्याआधी शेवटचा आकडा आणि नवांची बाकी (९ ने भागल्यावर उरणारी) ताडून पाहायची. नवांच्या बाकीनेही हा गुणाकार पकडला असता: ९,०९१ ची बाकी १, १२,२२,२१० ची बाकी १, गुणाकार १, अकरा एकांची बाकी मात्र २.

वाट सापडली ती भागाकाराच्या आवर्तनात

‘काही संख्या न भागता बाद करता येतील का’ हा प्रश्न तसाच होता. त्याचे उत्तर दहावीच्या धड्यातूनच निघाले. परिमेय संख्यांची दशांश रूपे मुले शिकलीच होती. १ ला १३ ने भागत गेले तर बाक्या येतात १, १०, ९, १२, ३, ४ आणि पुन्हा १; दशांशात ०७६९२३ हे सहा आकडे फिरत राहतात. २ ला १३ ने भागले तर बाक्या येतात २, ७, ५, ११, ६, ८ आणि पुन्हा २, आकडे १५३८४६. पहिल्या रिंगणातल्या प्रत्येक बाकीची दुप्पट करून, गरज असेल तिथे १३ वजा केले की दुसरे रिंगण मिळते, म्हणून दोन्ही रिंगणे सारख्याच लांबीची. १ ते १२ या सगळ्या बाक्या सहा-सहाच्या दोन रिंगणांत वाटल्या गेल्या. हेच कोणत्याही मूळ संख्येबाबत खरे आहे (२ आणि ५ सोडून): १ पासून त्या संख्येच्या अलीकडच्या अंकापर्यंतच्या बाक्या सारख्या लांबीच्या रिंगणांत वाटल्या जातात, म्हणून आवर्तनाची लांबी त्या मूळ संख्येहून एकाने कमी असलेल्या संख्येला भागते. रात्री ज्या प्रमेयाने मला चकवले होते, त्याचे मूळ इथेच आहे.

आता अकरा एकांना भागणारी एखादी मूळ संख्या आहे असे समजू. ती अकरा नवांनाही भागेल. म्हणजे १ ला तिने भागताना अकराव्या पायरीला बाकी पुन्हा १ येईल. मग आवर्तन ११ चे तरी असेल किंवा १ चे. आवर्तन १ चे असणारी मूळ संख्या फक्त ३, आणि ३ ने अकरा एकांना भाग जात नाही कारण अंकांची बेरीज ११ येते. म्हणून आवर्तन ११ चेच. म्हणून ती मूळ संख्या उणे एक ही ११ च्या पटीत. आणि ती विषम असल्याने २२ च्या पटीत. अकरा एकांचा प्रत्येक मूळ अवयव २२क + १ या रूपाचाच असला पाहिजे.

मुलांनी लगेच जुन्या ओळींवर पडताळा घेतला. पाच एकांचे अवयव ४१ आणि २७१: दोहोंतून एक वजा केल्यास ४० आणि २७०, दोन्ही पाचाच्या पटीत. सात एकांचे २३९ आणि ४,६४९: २३८ = ७ × ३४ आणि ४,६४८ = ७ × ६६४. त्या तासाला घंटा झाल्यावरही कोणी उठले नाही.

केलेली कृती

दहा हजार मूळ संख्यांपैकी आता हजाराच्या आसपास उरल्या. मूळ संख्यांची इतकी मोठी यादी आमच्याकडे नव्हती, म्हणून आम्ही क च्या किमतीच वाटून घेतल्या. वर्गमुळापर्यंत क ची किंमत ४,७९१ पर्यंत जाते. बारा मुलांना प्रत्येकी ४०० असे गट पडले. प्रत्येकाने आपल्या गटातून आधी तीन, पाच आणि सात यांनी भाग जाणाऱ्या संख्या गाळायच्या होत्या, आणि त्यासाठी भागाकाराचीही गरज नव्हती: क ला ३ ने भागून बाकी २ आली तर २२क + १ ला ३ ने भाग जातो; ५ ने भागून बाकी २ आली तर ५ ने; ७ ने भागून बाकी ६ आली तर ७ ने. अशी चाळणी लावल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला १८० च्या आसपास भागाकार आले. भातकापणीचे दिवस होते, काही मुले शेतावरून येऊन रात्री बसत. त्यामुळे गट एका वेगाने पुढे गेले नाहीत, आणि हे पुढे महत्त्वाचे ठरले.

चौथ्या दिवशी तिसऱ्या गटातील मुलीला क = ९८४ ला बाकी शून्य मिळाली. संख्या होती २१,६४९. तिने ती कोणाला सांगण्याआधी नियमाप्रमाणे तपासली: भागाकार ५,१३,२३९, शेवटचे आकडे ९ आणि ९, गुणाकाराच्या शेवटी १, नवांच्या बाक्या ४ आणि ५, गुणाकार २०, त्याची बाकी २, अकरा एकांचीही २. मग फळ्यावर पूर्ण गुणाकार मांडला गेला आणि शेवटच्या ओळीत अकरा एक उभे राहिले.

११,११,११,११,१११ = २१,६४९ × ५,१३,२३९

इथे पुढचा निर्णय आला. संख्या मूळ नाही हे निर्विवाद झाले होते, म्हणून बहुतेकांना वाटले की काम संपले. पण तक्त्यात आम्ही मूळ अवयव लिहीत होतो, आणि हे दोन अवयव स्वतः मूळ आहेत हे अजून कोणी दाखवले नव्हते. गट क्रमाने पूर्ण झाले असते तर प्रश्नच नव्हता, कारण २१,६४९ च्या आधीचे सगळे उमेदवार बाद झालेले असते. पहिल्या गटातला मुलगा मात्र घरच्या कामामुळे निम्म्यावरच होता. त्याचा गट पुरा होईपर्यंत थांबावे असे मला वाटत होते. त्या वेळी ज्या मुलाने ९,०९१ वर चौकट आखली होती त्यानेच सुचवले की २१,६४९ चा कोणताही अवयव हा अकरा एकांचाही अवयव असणार, तेव्हा तोही २२क + १ याच रूपाचा हवा.

या सूचनेने काम एका तासात आले. २१,६४९ चे वर्गमूळ १४७ च्या जवळ. तिथपर्यंत या रूपातल्या मूळ संख्या तीनच: २३, ६७ आणि ८९. बाक्या आल्या ६, ८ आणि २२. ५,१३,२३९ चे वर्गमूळ ७१६ च्या जवळ. तिथपर्यंत २३, ६७, ८९, १९९, ३३१, ३५३, ३९७, ४१९, ४६३, ६१७, ६६१ आणि ६८३ अशा बारा. एकानेही भाग गेला नाही. दोन्ही अवयव मूळ ठरले.

निष्पत्ती

तालुक्याच्या प्रदर्शनात आम्ही लाल ‘मूळ’ हा शब्द पुसला नाही. त्यावर एक रेघ मारली, शेजारी नवे अवयव लिहिले, आणि खाली २१,६४९ ने १ ला भागल्यावर येणारे अकरा आकड्यांचे आवर्तन लिहिले: ०.००००४६१९१५१, मग पुन्हा तेच. पाहणाऱ्यांपैकी बरेचजण त्या रेघेपाशीच थांबत. कन्नड माध्यमाच्या काही मुलांना आमच्या मुलींनी ‘अविभाज्य संख्ये’ म्हणत सगळी रिंगणे कन्नडमधून समजावून सांगितली. ते ऐकताना मला जे समाधान वाटले ते बक्षिसाने वाटले नसते. बक्षीस मिळाले नाही.

नुसत्या एकांनी बनलेल्या संख्यांपैकी दोन एकांनंतर मूळ ठरणारी संख्या थेट एकोणीस एकांची, त्यानंतर तेवीस, मग ३१७ आणि मग १,०३१ एकांची, हे मी मुलांना प्रदर्शन झाल्यावर सांगितले.

पुन्हा करायचे झाले तर

पहिली गोष्ट, तक्त्याला सुरुवातीपासूनच ‘कुठपर्यंत तपासले’ असा रकाना ठेवीन. तो असता तर शेवटच्या ओळीत ‘१००’ लिहावे लागले असते, आणि चार ओळी वर दिसणारा २३९ हा अवयव त्या आकड्याशेजारी आपोआप डोळ्यांत भरला असता.

दुसरी गोष्ट, गट पाडताना आधी लहान क सर्वांनी मिळून संपवीन. वर्गमुळापर्यंतचे सगळे उमेदवार एकदम वाटल्यामुळे शेवटच्या गटांतील मुलांनी मोठ्या संख्यांवर चार दिवस घालवले आणि त्यांच्या हाती काही लागले नाही. लहान अवयव सापडण्याचा संभव जास्त असतो. क्रमाने गेलो असतो तर श्रमही वाचले असते आणि शेवटचा मूळत्वाचा प्रश्नही उरला नसता. अर्थात मग त्या मुलाची सूचनाही निघाली नसती, म्हणून या बाबतीत माझे मन अजून पूर्ण ठरलेले नाही.

तिसरी गोष्ट मला नंतर बेळगावच्या एका प्राध्यापक मित्राने सांगितली. १० चा ११ वा घात बाकी १ देतो, म्हणजे १२ वा घात बाकी १० देतो. आणि १२ वा घात हा सहाव्या घाताचा वर्ग आहे. म्हणून शोधत असलेल्या मूळ संख्येच्या हिशेबात १० ही संख्या ‘वर्ग’ असली पाहिजे, आणि तसे होण्यासाठी त्या मूळ संख्येला ४० ने भागल्यावर बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ यांपैकीच यावी लागते. २१,६४९ ची बाकी ९ आहे, ५,१३,२३९ ची ३९. एवढ्या एका चाळणीने आमचे निम्मे भागाकार वाचले असते. ४० ने भागून बाकी पाहणे हे तोंडी काम आहे. त्यामागची सिद्धता शाळेच्या पातळीवर अवघड असली, तरी मुलांनी ती वापरण्याआधी लहान मूळ संख्यांवर पडताळून पाहिली असती असे मला वाटते.

मोबाइलवर न शोधण्याचा निर्णय मी पुन्हा घेईन, पण झाकलेल्या शब्दावरच्या चिठ्ठीशिवाय तो घेणार नाही.

त्यानंतरच्या शनिवारी बारा एकांची ओळ मुलांनी तोंडीच फोडली आणि तेरा एकांना हात घातला. इथे अवयव २६क + १ या रूपाचे हवेत. पहिला उमेदवार २७, तो मूळ नाही. दुसरा ५३, आणि ५३ ने भाग गेला. अकरा एकांना ९८४ व्या पायरीपर्यंत झुंजवले होते, तेरा एक दुसऱ्याच पायरीला फुटले. तिसऱ्याच उमेदवाराने, ७९ ने, भागाकारालाही भाग गेला आणि उरले २६,५३,७१,६५३.

तक्ता आता वर्गाच्या मागच्या भिंतीवर आहे. सतरा एकांच्या ओळीपुढे अवयवांचा रकाना कोरा आहे आणि त्याशेजारच्या नव्या रकान्यात पेन्सिलने लिहिले आहे: “३४क + १, क = २,१५० पर्यंत.” तो आकडा दर शनिवारी खोडून पुढे सरकवला जातो.